हळद लागलेला कीबोर्ड

पहिल्यांदा खटकलं ते अगदी बारीक होतं. वडगावच्या आप्पांच्या मशीनवर साड्यांच्या डिझाइनचं एक फोल्डर आहे. ते उघडलं की एरवी छोटी छोटी चित्रं दिसतात, काठ, बुट्टे, पदर. त्या सोमवारी सकाळी मी देखभालीसाठी आमच्या ऑफिसातून ते लांबून उघडलं, तर चित्रांच्या जागी नुसते पांढरे चौकोन. ओळीनं, दोरीवर वाळत घातलेल्या रुमालांसारखे.

"नेट स्लो असेल," असं स्वतःशीच म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

मी एरवी अशी नाही. मी कुकरच्या शिट्टीला दचकते. शिट्ट्या मोजायला म्हणून समोर उभी असते, तरी दचकते. आणि ज्या दिवशी खरोखर दचकायला हवं होतं, त्या दिवशी मी आरामात खारी बुडवून खात होते.

त्या चौकोनांकडे येतेच. पण मधले किस्से सांगितल्याशिवाय ते कळणार नाहीत. आणि आमच्याकडचे किस्से म्हणजे डाउनलोडचं फोल्डर. मुद्दाम कुणी काही ठेवत नाही, एक दिवस बघावं तर जागा संपलेली असते.

ऑफिस म्हणजे बेळगावात एका दातांच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या. माणसं तीन: सर, निपाणीचा किरण आणि येळ्ळूरची मी. खालून ड्रिलचा आवाज आला की मी अजून जबडा धरते.

काम सांगायचं तर सोपं आहे. कॉम्प्युटरवर फाइल उघडायची किंवा सेव्ह करायची झाली की प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो, आणि ती डिस्कवरून आणून देते किंवा डिस्कवर नेऊन ठेवते. या दोघांच्या मधे आम्ही आमचा एक थर घातलाय. त्यात दोन मॉड्यूल. एक मॉड्यूल फाइल डिस्कवर जाताना तिचा असा भुगा करतं की चोरून नेली तरी कुणाला काही वाचता येऊ नये, आणि उघडताना तो परत जुळवतं. दुसरं दारात उभं राहून विचारतं, तू कोण. दोन्ही स्वतंत्र. एक काढून दुसरं बसवा, तिसरं नवीन जोडा, बाकीच्यांना पत्ता लागत नाही.

सर गिऱ्हाइकाला हेच असं सांगतात, "एक कुलूप, एक वॉचमन. दोघांची ओळख नाही. ओळख झाली की दोघं मिळून चहाला जातात."

* * *

नोकरीचा पहिला आठवडा. सर म्हणाले, "दीपा, कुठलंही एक फोल्डर घे आणि कुलूप लावून बघ."

मी समोर दिसलं ते फोल्डर घेतलं. किल्ली म्हणून एक वाक्य टाकायचं असतं. ते मशीन कुठेच लिहून ठेवत नाही, माणसानं डोक्यात ठेवायचं. मी वाक्य टाकलं, एंटर दाबलं, तेवढ्यात इन्व्हर्टर किंचाळला आणि माझ्या डोक्यातून वाक्य गेलं. कुठे गेलं देव जाणे. अजून परत आलेलं नाही.

मग किरणनं बघितलं की मी नेमकं कुठलं फोल्डर घेतलं होतं. कुलपाचा सगळा कोड ज्यात होता ते. कुलपानं स्वतःलाच कुलूप लावून घेतलं होतं.

मी रडायच्या बेतात होते. सरांनी दोन तास सगळे उपाय करून पाहिले. काही उघडलं नाही. मग खुर्चीत मागं रेलले आणि म्हणाले, "छान. म्हणजे चालतंय."

कोड शेवटी किरणच्या लॅपटॉपवर सापडला. अशी जादा कॉपी ठेवायला सरांनीच त्याला सक्त मनाई केली होती. त्या दिवशी त्याला शिव्या द्यायच्या की शाबासकी हे न ठरल्यामुळे सरांनी आम्हा दोघांना कुंदा खायला घातला.

* * *

दार उघडायचं नसेल तर वॉचमन स्क्रीनवर एक ओळ दाखवतो. सुरुवातीला ती ओळ होती, "परवानगी नाही."

माझे येळ्ळूरचे काका आमचे पहिले फुकट गिऱ्हाईक. त्यांच्या रानाचे उतारे मी स्कॅन करून, कुलूप लावून दिले. आठ दिवसांनी काका वाक्य विसरले. स्क्रीनवर ओळ आली. काका चष्मा लावून वाचतायत, आणि चेहरा लाल.

"आमच्याच रानाचा उतारा," काका म्हणाले, "आमच्याच घरात, आमच्याच मशीनवर, आणि परवानगी न्हाय? हितं बी?"

त्या 'हितं बी'त त्यांची सगळी हयात होती. ऑफिसात येऊन मी ती ओळ बदलू या म्हणाले. सर म्हणाले, शब्द असा हवा की या भागातला कुठलाही माणूस, कुठल्याही भाषेचा, मुकाट ऐकेल. बराच वेळ डोकं खाजवल्यावर किरणनं ओळ सुचवली. मराठीत "नंतर या", कानडीत "आमेले बर्री."

काकांनी ती वाचली. मान हलवली. चपला घातल्या.

"उद्या येतो," मशीनला म्हणाले.

तेव्हापासून एकही तक्रार नाही.

* * *

एका कॉलेजला परीक्षेच्या पेपरांसाठी वेळेचं कुलूप हवं होतं. म्हणजे तिसरं मॉड्यूल: सकाळी दहाच्या आधी कुणी काही करो, फाइल उघडणार नाही. ते मी लिहिलं. एकटीनं. घरी पेढे वाटायचे तेवढे बाकी होते.

परीक्षेच्या दिवशी दहा वाजले, पेपर उघडेना. वर्गात मुलं बसलेली, प्रिन्सिपल माझ्या मागं उभे, आणि त्यांच्या श्वासाला मी दचकतेय. बघते तर त्या मशीनची घड्याळाची बॅटरी मेलेली. मशीन कधीच्या काळात जाऊन बसलं होतं.

"काय प्रॉब्लेम आहे?" प्रिन्सिपलनी विचारलं.

घाबरले की मी खरं बोलते. म्हणाले, "सर, मशीनच्या मते ही मुलं अजून बालवाडीत आहेत."

मग मी घड्याळ पुढं केलं, पेपर उघडला, सगळं पार पडलं. ऑफिसात येऊन कौतुकानं सांगितलं. सर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"म्हणजे घड्याळ पुढं केलं की कुलूप उघडतं?"

"हो सर."

"आदल्या दिवशी केलं तरी?"

मी माझ्या कोडची फाइल परत उघडली.

"हे आपल्या तिघांतच राहू दे," सर म्हणाले आणि उठून त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. पुढचे चार दिवस आम्ही ते मॉड्यूल नव्यानं लिहिलं. पेढे राहिलेच.

* * *

आता आप्पा. वडगावात त्यांचे साडीचे माग आहेत. मागावरचा एक इलेक्ट्रॉनिक डबा डिझाइनची फाइल वाचतो आणि त्याप्रमाणे धागे वरखाली करतो. ती डिझाइनं काढायची त्यांची मुलगी, रेणुका. माझ्याच वयाची. कॉम्प्युटरसमोर मांडी घालून बसायची, आणि मागाच्या एवढ्या खडखडाटात तिला माझी हाक ऐकू जायची, मला मात्र तिची नाही.

आप्पांची भीती एकच. नक्षी चोरीला जाण्याची. मागावरून साडी उतरेपर्यंत नक्षी घराबाहेर जायची नाही, हा त्यांच्याकडचा नेम. एकदा उतरली की जगानं बघावी. त्याआधी कुणी बघितली तर आठ दिवसांत तीच साडी दुसऱ्याच्या मागावर.

आमच्या वॉचमनला माणसांचे गट लागतात. मी तयार करून नेले होते: ॲडमिन, युजर, गेस्ट.

आप्पांनी ऐकून घेतलं. "ह्ये कोण?"

मी समजावलं.

"असली माणसं आमच्यात न्हाईत," आप्पा म्हणाले. "आमच्यात तीन जाती. घरचे, पावणे आणि भाऊबंद."

"म्हणजे कुणाला काय परवानगी द्यायची?"

"घरच्यास्नी सगळं. पावण्यास्नी चा आणि उतरलेली साडी बघणं. भाऊबंदास्नी दारच न्हाय."

तसं करून दिलं. स्क्रीनवर सुरुवातीला काय विचारायचं, तेही आप्पांनीच ठरवलं. "दारात कोण आलं की आपण काय विचारतो? त्येच लिव्ह की." ती ओळ रेणुकानं स्वतः टाइप केली: कोण? घरचे की पावणे?

मी म्हणाले, "आप्पा, घरच्यांपैकी प्रत्येकानं आपलं एकेक वाक्य ठरवायचं. तुमचं कुठलं?"

"मला कशाला वाक्य? रेणू हाय की."

सर म्हणाले, मग निदान एक जादा किल्ली करून पाकिटात बंद करून कपाटात ठेवू. आप्पांनी सरांकडे असं बघितलं, जणू सर भाऊबंदांपैकी आहेत.

"जादा किल्ली म्हंजे चोराची सोय."

आणि आम्ही निघायच्या आधी त्यांनी मशीनच्या खोलीला बाहेरून पितळी कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि किल्ली कमरेला खोवली. आमच्या कुलपावर विश्वास नव्हता असं नाही. पण ते दिसत नव्हतं.

* * *

कोण कधी काय उघडायला बघतो याची वॉचमन नोंद ठेवतो. ही नोंद आप्पांना फार आवडली. दर शनिवारी मी ती छापून द्यायची आणि आप्पांनी ती अंगणात बसून वाचायची.

एका शनिवारी त्यात बुधवार दुपारची चुकीच्या वाक्यांची रांग निघाली, आणि त्या वेळी खोलीत गेलेला एकच, आप्पांच्या चुलतभावाचा मुलगा, बाळू. पितळी कुलूप साफसफाईला उघडलेलं, रेणुका जेवायला गेलेली, तेवढ्यात हे गृहस्थ मशीनसमोर बसून "घरचे" दाबून वाक्यं टाकून बघत होते.

आप्पांनी त्याला एकटं गाठलं नाही. गल्लीतल्या एका बारशाला, सगळ्यांच्या पंक्तीत, त्याच्या शेजारचं पान पकडलं. मी समोर. खिशातनं कागद काढला.

"बाळू, बुधवारी दुपारी आमच्या खोलीत आलतास?"

"व्हय आप्पा, टाइम बघाय आलतो. घड्याळ विसरलतो."

आप्पांनी कागदावर बोट ठेवलं. "अकरा येळा?"

माझ्या हातून ताक सांडलं. वाढपी येऊन बाळूला म्हणाला, "भात?" आणि बाळू म्हणाला, "नंतर."

* * *

रेणुकाचं लग्न निपाणीत ठरलं. नवऱ्याचं साड्यांचं दुकान. हळदीच्या दिवशी मी तिथंच होते. ऐन हळदीत लाइट गेली, बॅटरी जुनी होती तीही बसली, मशीन बंद, माग बंद. लाइट आली, पण फोल्डर बंदच. आप्पा मांडवात येऊन मुलीच्या कानाशी वाकले. रेणुका उठली, हिरवा चुडा, कोपरापर्यंत हळद, तशीच त्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या तिनं वाक्य टाकलं. मांडवात ऐकू आलेल्या खडखडाटावरून माग सुरू झाल्याचं कळलं.

परत येताना मला म्हणाली, "आता हे बंद पडू देऊ नकोस गं. मी काय रोज हळद लावून येणार आहे?"

आप्पांनी दुसऱ्याच दिवशी नवी बॅटरी घेतली. त्यानंतर ते मशीन कधी बंद झालंच नाही. म्हणजे तिनं हळदीच्या हातानं उघडलेलं फोल्डर, तेच पुढं महिनोनमहिने उघडं. आप्पांना काही टाकावं लागलं नाही, मला काही विचारावंसं वाटलं नाही. कीबोर्ड मात्र पिवळा तो पिवळाच. मी पुसायला गेले तर आप्पा म्हणाले, "राहू दे. धूळ न्हाय ती."

लग्नानंतरही रेणुका निपाणीहून लांबून डिझाइनं काढायची. खानापूरच्या एका नवरीच्या साडीचा पदर तिनं तिथूनच पूर्ण केला. पदरभर मोठी मोठी पानं. आप्पांनी फोनवर विचारलं, "पान कसलं म्हनायचं ह्ये?" ती म्हणाली, "पान आहे, आप्पा." आप्पा पिंपळ समजून खूश. किरणनं एकदाच बघितलं आणि मला हळूच म्हणाला, "अगं, हे तंबाखूचं आहे." तंबाखूच्या निपाणीचा माणूस, त्याला कळणारच. आम्ही दोघांनी तोंड बंद ठेवलं.

मग आला तो शनिवार. आप्पा कागद घेऊन बसलेले.

"ह्ये निपाणी, निपाणी काय लिवलंय सारखं?"

"रेणुका, आप्पा. तिथनं उघडते."

"तितं तिच्या शेजारी कोण बसतं?"

मला काय माहीत.

"दुकान हाय त्यांचं. धा मागवाल्यांचा माल घेत्यात. आमची नक्षी मागावर हाय तवर तितं दिसती म्हंजे..." आप्पांनी कागदाची घडी घातली. "काढ तिचं नाव घरच्यातनं. पावण्यात घाल."

"आप्पा, तिला आधी सांगायला हवं."

"मी सांगतो. तू काढ."

मी संध्याकाळी ऑफिसातून एक नाव एका यादीतून उचललं आणि दुसऱ्या यादीत टाकलं. एक क्लिक. रविवारी माग बंद. सोमवारी पांढरे चौकोन, आणि मी खारी खात बसलेली.

* * *

खारी संपायच्या आधी किरणला काय झालं ते कळलं. यादी बदलली की वॉचमन एकदा सगळी दारं लावून घेतो आणि नव्यानं पहाऱ्याला उभा राहतो. हळदीपासून उघडं असलेलं दार लागलं होतं. ते उघडायचं वाक्य जगात एकाच माणसाच्या डोक्यात होतं, आणि तिलाच मी पावणी करून ठेवलं होतं.

"तिचं नाव परत घरच्यांत घाल," सर म्हणाले.

घातलं. वॉचमन आप्पांनाही ओळखत होता, तिलाही. पण किल्ली वॉचमनकडे नसते. दोघांची ओळख नाही, हे आम्हीच तर विकत होतो.

सर कधी ओरडत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते. एवढंच म्हणाले, "दीपा, ते वाक्य आण. साडी गुरुवारी नवरीच्या अंगावर हवी."

मी आणि किरण वडगावला गेलो. गल्लीत शिरले आणि दचकले. आवाज नव्हता म्हणून. आप्पांच्या दारात मी आयुष्यात पहिल्यांदा शांतता ऐकली. मागावर साडी, काठासकट सगळं अंग विणून झालेलं, पुढं नुसते उभे धागे. पदराची फाइल आत, आणि आम्ही बाहेर.

"खानापूरच्या मानसास्नी मी शब्द दिलाय," आप्पा म्हणाले. "पोरीच्या अंगावर बिनपदराची साडी घालू?"

मी रेणुकाला फोन लावला. वाजून वाजून बंद. परत लावला. तेच.

किरणला मात्र एक कल्पना सुचली. त्यानं कीबोर्ड उजेडात धरला. "ज्या कळा पिवळ्या, त्या तिनं दाबल्या. शब्द जुळवू." पंधरा कळा पिवळ्या निघाल्या आणि स्पेसबार सगळ्यात पिवळा. मोठं वाक्य होतं. किरणनं कागदावर अक्षरं मांडली, शब्दकोडं सोडवल्यासारखी. एक वाक्य टाकलं. चूक. दुसरं टाकलं. चूक. बाळूच्या त्या अकरा वेळांनंतर आम्ही नियमच केला होता, तिसऱ्या चुकीनंतर आमचा वॉचमन तासभर कुणाचं ऐकत नाही. स्क्रीनवर ओळ आली.

आप्पांनी ती मोठ्यानं वाचली. "नंतर या." मग माझ्याकडे बघितलं. "आता मला बी व्हय?"

काकू, म्हणजे रेणुकाची आई, चहा घेऊन आल्या होत्या. ट्रे खाली ठेवून म्हणाल्या, "घरच्यांच्या यादीत माझं तरी नाव हाय का गं?"

मी बघितलं. नव्हतं.

"मग चा पावण्यांनी केलाय असं समजा," काकू म्हणाल्या. पण गेल्या नाहीत, तिथंच दाराला टेकून उभ्या राहिल्या.

मी परत फोन लावला. वाजून वाजून बंद.

किरणनं निपाणीत आपल्या वहिनीला फोन केला, रेणुकाच्या दुकानात जाऊन निरोप दे म्हणाला. तासाभरानं वहिनींचा फोन आला. दोन साड्या घेतल्या होत्या, रंगांचं वर्णन झालं. निरोप सांगायचा राहिला होता. त्यांना परत पाठवलं. दुसऱ्यांदा फोन आला. "सांगितलं. 'बघते' म्हणाली. आणि दीपाला एक फोटो पाठवायला सांगितलाय तिनं."

माझ्या फोनवर फोटो आला. रेणुकाच्या मोबाइलच्या स्क्रीनचा. शनिवार संध्याकाळचा मेसेज.

तो मेसेज मीच लिहिला होता. रेणुकासाठी नाही. वर्षभरापूर्वी, सगळ्यांसाठी. ज्याचं नाव खालच्या यादीत गेलं त्याला आपोआप जातो. आप्पांना माहीत नव्हतं. मी विसरले होते.

"वाच की," काकू म्हणाल्या.

मी वाचला. "नमस्कार. आपले नाव 'घरचे' या यादीतून काढून 'पावणे' या यादीत घालण्यात आले आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

किरण कागदावरची अक्षरं खोडायला लागला.

"तुम्ही सांगितलं न्हवतं तिला?" काकूंनी आप्पांना विचारलं.

"सांगणार हुतो."

"कवा?"

आप्पा उठून मागाजवळ गेले. अर्धवट साडीवरनं हात फिरवला, काठावरचा नसलेला दोरा झटकला. "फोन कर गं परत," पाठ फिरवूनच मला म्हणाले.

"आप्पा, तुम्ही केला तर..."

"मी? बापानं करायचा? काय म्हणू?"

मी लावला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला. रिंग जायला लागली. एक. दोन. तीन.

"तो फोन ह्यांच्या हातात दे," काकू म्हणाल्या. "वाजायचा तर तितं वाजू दे."

मी आप्पांच्या तळहातावर फोन ठेवला. गरम तवा धरावा तसा त्यांनी तो धरला. रिंग वाजतेय, आप्पा फोनकडे बघतायत, काकू आप्पांकडे, आणि किरण स्क्रीनकडे, जिथं तासाभराची मुदत संपून रेणुकानं टाइप केलेला तो सुरुवातीचा प्रश्न परत आला होता.

रिंग थांबली. बंद झाला असं वाटलं. मग पलीकडं दुकानातला आवाज आला, कुणीतरी साडीची घडी फडकन उलगडल्याचा, आणि मी दचकले.

"हॅलो," रेणुका म्हणाली. "कोण? घरचे की पावणे?"